दोन उभ्या काड्या

...न्हाई न्हाई, हसू नका, आधी ऐकून घ्या! कोंबडीला अंडं घालायला असं लागतं काय वो? चार फळ्या, मूठभर पेंढा, जरा आडोसा. झालं! पण त्या चार फळ्यांपायी आमचे कुंडलिकतात्या असे भ्याले, असे भ्याले, की तुमाला सांगतो, नुसतं शेजारी ऱ्हाऊन म्या दोन किलो उतरलो! आता तात्या म्हंजे काय भित्रा माणूस न्हाई हां. आंबवड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी, मागं लगेच डोंगर, आन् मागल्या साली गोठ्याच्या दारात बिबट्या येऊन बसला तवा त्याला 'हाड्! हाड्!' म्हणलेला माणूस हाय ह्यो! कुत्र्याला म्हणावं तसं! बिबट्याबी ओशाळला आन् निघून गेला. असा माणूस फळीवरचा एवढासा शिक्का बघून थरथरा कापतो? व्हय, कापला! म्या बघितला कापताना! आन् कोंबड्या? कोंबड्या आपल्या निवांत!

तर झालं असं, की तात्यांची बायको साळूबाई, तिच्या नऊ गावठी कोंबड्या. अंडं कुठं घालतील, नेम न्हाई. एक घालणार कडब्याच्या गंजीत, एक नांगराच्या मागं, आन् एक शहाणी तर माळ्यावर चढून भाताच्या कणगीत! साळूबाई सकाळपासनं अंडी हुडकत फिरायची, आन् तिच्या आधी ती मुंगसाला सापडायची. एरवी कोण ध्यान देतंय? पण घरात सून गरोदर. प्रगती. सातवा महिना. भोरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रक्त कमी हाय, रोज दोन अंडी पायजेत म्हंजे पायजेत. आन् दोन वर्सांमागं... आता कसं सांगू... दोन वर्सांमागं असंच सातव्यात पोट रिकामं झालेलं त्या पोरीचं. तवापासनं त्या घरात कुणी मोठ्यानं खोकतबी न्हाई बघा. पोरगा सोमनाथ कंपनीत कामाला, आठवड्यानं येतो. घरात ही तिघंच. तात्या सुनेशी बोलणार काय? 'जेवलीस का' आन् 'ऊन लागंल' एवढंच. पण मनात धरलं त्यांनी, हिला रोजची दोन अंडी ताजी आन् स्वच्छ मिळालीच पायजेत. कोंबड्यांना एका जागी बसायला खोकी करायची. आपल्या हातानं करायची!

करा की! कोण नगं म्हणतंय? पण खोकी कशाची करायची? हितं सगळा घोळ झाला. कारण सून पडली बारावी सायन्स! तात्यांनी गोठ्यामागचा जुना सिमेंटचा पत्रा ओढला, करवत लावणार, तेवढ्यात दारातनं प्रगती, 'मामा, तो नका कापू! त्याची धूळ छातीत जाऊन बसते, पुन्हा निघतच न्हाई!' तात्यांनी पत्रा असा सोडला, जसा काय निखाराच! दोन वेळा आंघोळ केली. बरं, मग साधा लोखंडी पत्रा? 'मामा, उन्हानं तापंल की वो, आत बसलेली कोंबडी भाजून निघंल.' थर्माकोल? 'टोचून टोचून खातील आन् मरतील.' फवारणीच्या औषधाचा निळा कॅन होता रिकामा, तो मधोमध कापून? ह्यावर पोरीनं नुसतं बघितलं. तात्यांनी कॅन गुपचूप जागेवर ठेवला. मग आजाच्या वेळचं कपाट काढलं, तर त्याचा तेली रंग नडला! 'जुन्या रंगात शिसं असतं मामा, पोपडे निघतील, कोंबड्या टिपतील.' अवो, साठ वर्सं ज्या वस्तूंत माणूस जगला, त्या एकेक करून वैरी निघाल्या! ज्या पत्र्याखाली जेवला तो वैरी, ज्या कपाटात लग्नाची पगडी ठेवली ते वैरी! घरभर नजर फिरवायचे आन् मला म्हणायचे, 'मानसिंग, मग आपण जित्तं कसं ऱ्हायलो रं?' म्हणलं, 'तात्या, आपल्याला कुणी सांगितलंच न्हवतं!' आन् कोंबड्या? त्या त्याच सिमेंटच्या पत्र्यावर ऊन खात बसलेल्या. निवांत!

शेवटाला ठरलं, लाकूड. कोरं, बिनरंगाचं लाकूड. आता ते मिळणार कुठं? कापूरव्होळला हायवेच्या कडंला गेनूचं भंगाराचं दुकान हाय, तितं गेलो माझा पिकप घेऊन. गेनू म्हंजे कसा, तुमी खिळा मागा, तो तुमाला खिळ्याचं खानदान सांगणार. 'तात्या, तुमचं नशीब बघा! परदेशातनं मशीन आलंय एका कंपनीला, त्याचे खोके हायेत. फळी बघा, फळी! दुधावानी! आन् ह्या गेनूचा शब्द हाय, ह्याला जन्मात कीड लागायची न्हाई!' आता मला सांगा, जगातल्या लाकडाला कीड लागती, मग ह्यालाच का लागायची न्हाई? एवढं एक इचारायला पायजे होतं का न्हाई? पण आमी दोघं माना डोलावून फळ्या भरल्या आन् वर त्याला चहाला नेलं!

पण खोकी काय केली सांगू! तीन खोकी, शेजारी शेजारी. खिळ्याचं टोक कुठं वर न्हाई, लाकडाचं कुसळ कुठं टोचणार न्हाई, पॉलिश कागदानं आठ आठ दिस घासत बसलेले. पुढं आडवी पट्टी, अंडं गडगडून खाली पडू नये म्हणून. वर उतरतं छप्पर, कोंबडीनं माथ्यावर बसून घाण करू नये म्हणून. आत भाताचा पेंढा, तोबी उन्हात वाळवून. साळूबाई म्हणली, 'लग्नाला चाळीस वर्सं झाली, मला एक पाट केला न्हाई ह्यांनी, आन् कोंबड्यांना घासून घासून पलंग!' आन् कोंबड्याबी अशा लबाड, एरवी दाण्याला बोलावलं तर येत न्हाईत, पण पहिल्याच दिशी तिन्ही खोक्यांत जाऊन बसल्या, जसा काय सातबारा त्यांच्याच नावावर! अकरा दिस. रोज दोन अंडी. प्रगतीच्या तोंडावर जरा तांबूस रंग दिसाय लागला, आन् तात्या लांबनं बघायचे, मिशीतल्या मिशीत हसायचे.

बाराव्या दिशी साधना आली. आमच्या वाडीतलीच पोर, कोंबड्या-शेरडांच्या औषधपाण्याचं शिक्षण घेतलेली. मानमोडीचा रोग येऊ नये म्हणून कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाकायला आलेली. थेंब टाकले, खोकी बघितली, म्हणली, 'वा तात्या! झकास! लाकूड कुठलं?' तात्या छाती काढून, 'परदेशी!' आन् तिचं तोंड बारीक झालं. 'शिक्का बघितलाय का त्याच्यावरचा?' कसला शिक्का? म्हणली, 'परदेशातनं लाकूड येताना किडीचा बंदोबस्त करत्यात, तात्या. भट्टीत तापवलेलं असंल तर त्याच्यावर एचटी लिवलेलं असतं, ते चांगलं. पण काही लाकूड इखारी वायूत कोंडत्यात, त्याच्यावर एमबी. ते असलं तर बाबा नगं. कोंबड्यांना न्हाई आन् माणसालाबी न्हाई.' एवढं बोलली, पेटी उचलली, स्कूटीवर बसली, आन् गेली!

ती गेली, आन् तात्या उभेच. हातात दाण्याचं सूप, तसंच. म्या कुंपणापलीकडनं बघतोय, ह्या माणसाचे ओठ हलतायत. काय पुटपुटत होते ठावं हाय का? 'अकरा दुणे बावीस... अकरा दुणे बावीस...' बावीस अंडी! त्या पोरीच्या पोटात बावीस अंडी गेलेली, आन् खोकी केली कुणी? तात्यांनी! फळ्या आणल्या कुणी? तात्यांनी! आता हे सांगायचं कुणाला? साळूबाईला सांगावं तर ती तितंच बसकण मारंल. सुनेला सांगावं? त्या सुनेला? जी दोन वर्सं झोपेत दचकून उठती? सोमनाथला फोन करावा आन् म्हणावं काय? 'बाळा, तुझ्या बापानं...' न्हाई. न्हाई बोलवलं.

म्हणलं, तात्या, आधी शिक्का तर बघू! पण बघणार कसा? कडंची दोन खोकी कोरीच निघाली, आन् मधल्या खोक्यात तांबडी कोंबडी खुडूक होऊन बसलेली! खुडूक कोंबडी म्हंजे काय, उबवायला बसली की ती सोताचा बाप आला तरी जागची उठत न्हाई! तात्यांनी हात घातला, तिनं फोडला. हाताला गोणपाट गुंडाळलं, तिनं वर कोपराला फोडला. ज्यानं बिबट्याला हाकललं, त्यो माणूस कोंबडीला म्हणतोय, 'माय, जरा सरक गं... एवढं एकच अक्षर बघू दे...' अशा वेळी हसावं का रडावं, तुमीच सांगा! शेवटाला म्या मागनं उचलली तिला, आन् तात्यांनी पेंढा बाजूला सारला. होता! शिक्का होता! पण करवत बरोबर त्याच्या मधनं गेलेली. ऱ्हायलं होतं काय? दोन उभ्या काड्या! अक्षराचे नुसते पाय, वर काय न्हाई, पुढं काय न्हाई. तात्यांनी त्या काड्या बॉलपेनानं तळहातावर काढल्या आन् साधनाला फोन लावला. ती तिकडनं म्हणली, 'तात्या, एच असला तरी पाय दोन, आन् एम असला तरी पाय दोन! पुढचं अक्षर सांगा की!' पुढचं अक्षर! पुढचं अक्षर दुसऱ्या तुकड्यावर! 'साळू, ते फळीचे तुकडे कुठं गेले गं?' 'कुठं जातील? चुलीत! सूनबाईच्या आंघोळीचं पाणी तापवलं की परवा, काय झकास जाळ झाला!' ...धूर! आता त्या धुराची भीती येगळी! पाण्याची येगळी! माणसानं भ्यावं तरी किती? आन् ती तांबडी? पुन्हा जाऊन बसली खोक्यात. निवांत!

बरं, मग त्या दिशीची अंडी द्यायची का न्हाई? तात्यांनी आधी जाऊन लपवली. साळूबाईला म्हणले, मुंगसानं नेली. दुसऱ्या दिशी पुन्हा मुंगूस. आन् मग डोक्यात आलं काय, तर आपणच खाऊन बघायची! इख असंल तर आधी आपल्याला होऊ दे! आता ह्यातली मेख अशी, की तात्यांना लहानपणापासनं अंड्याचा वासबी सहन होत न्हाई. कुणाच्या ताटात अंडं दिसलं तर हे पाठ करून बसतात! त्यो माणूस गोठ्यामागं गेला, टमरेलात चार अंडी उकडली, डोळं मिटलं, नाक दाबलं, आन् एकामागं एक चारी घशाखाली ढकलली. आन् पाच मिंटांत... भडाभडा! सगळं बाहेर! आता मला सांगा, ही उलटी अंड्याची का इखाची? कसं कळायचं? तात्या भिताडाला धरून बसलेले, घामानं डबडबलेले, म्हणले, 'मानसिंग, मळमळ... मळमळ झाली म्हंजे हाय रं त्यात कायतरी!' म्हणलं, 'तात्या, तुमाला अंड्याच्या टरफलानंबी मळमळतंय!' 'पण एवढं?'

तेवढ्यात साळूबाई आली. टरफलं बघितली. तोंडाचा वास घेतला. आन् तिचं डोळं असं मोठं झालं! 'अवो... मुंगूस म्हंजे तुमी व्हय? पोटुशी सुनेच्या तोंडचं अंडं चोरून खाता? ह्या वयात? आन् मला म्हणता मला अंड्याचा वास चालत न्हाई! चाळीस वर्सं फसवलं मला!' आता खरं सांगावं तर सगळं सांगाय लागतंय. तात्यांनी मान खाली घातली आन् म्हणले, 'खाल्ली. चूक झाली.' तुमाला सांगतो, त्या माणसाच्या अंगावर चोरीचा आळ आला, आन् त्यो त्यानं अंगावर घेतला!

आन् तिसऱ्या दिशी दुपारी... हितं मातर माझंबी तोंड वाळतंय बघा... तिसऱ्या दिशी दुपारी प्रगती ओट्यावर आली, पोटावर हात ठेवून, आन् एकदम हळू सासूला म्हणली, 'आत्या... सकाळपासनं हललं न्हाई.'

साळूबाईच्या हातातलं पीठ तसंच. तात्या उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. पिकप काढला म्या. पुढं साळूबाई आन् पोर, मागं हौद्यात तात्या उभे, एका हातानं दांडी धरून. आंबवडं ते भोर, रस्ता काय म्हणून लांब हाय? पण त्या दिशी संपना! आरशात बघतोय तर तात्या एकसारखे आपला दुसरा तळहात बघतायत. त्या दोन काड्या. दोन दिस झाले तरी पुसल्या न्हवत्या त्यांनी.

दवाखान्यात पोरीला आत नेलं, पडदा ओढला. आन् तात्या त्या पडद्याला धरून बाहेरनंच सुरू, 'डॉक्टरीणबाई, म्या केलं! इखारी फळ्या आणल्या म्या! कोंबड्या त्यात बसल्या, बावीस अंडी तिनं खाल्ली, धूरबी तिच्याच पाण्याला... मला काय करायचं ते करा, पण...' आतनं आवाज आला, 'आजोबा, गप उभे ऱ्हावा! मला ऐकू द्या!' पंख्याचा आवाज तेवढा. एक मिंट... दोन... आन् मग त्या मशिनीतनं आवाज आला बघा, लांबनं घोडं पळत यावं तसा. दुडुदुडु, दुडुदुडु, दुडुदुडु! तात्या उभ्या जागी खाली बसले. फरशीवर. पटका सुटून गळ्यात आलेला, पण सावरायची शुद्ध न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला गार सरबत पाजलं, डाव्या कुशीवर निजवलं, आन् थोड्या वेळानं आतनं पोर हसल्याचा आवाज आला. लाथ मारली! एक न्हाई, दोन! मग बाई पडदा सारून म्हणल्या, 'बाळ चांगलं हाय. पण हिनं सकाळपासनं काय खाल्लं न्हाई. अंडी का बंद केली?' आन् आतनं प्रगती, अगदी हळू, 'आत्या म्हणल्या... मामांनी खाल्ली.' अवो, बाईंनी तात्यांकडं असं बघितलं! 'आजोबा! लाज न्हाई वाटत?' आता सांगा, माणसानं इख घातल्याचा कबुलीजबाब द्यायचा आन् शिव्या खायच्या अंडी चोरल्याच्या! फळ्यांचं सगळं पुन्हा सांगितलं, तर बाई म्हणल्या, 'खोक्याचं मला कळत न्हाई. अशी बावीस अंडी खाऊन काय झालेलं दिसत न्हाई. शंका असंल तर खोकी बदला. पण हिला उपाशी ठेवू नका.'

तवा प्रगतीनं इचारलं, 'मामा, मला का न्हाई सांगितलं वो?' आन् तात्या, जे सुनेला 'ऊन लागंल' सोडून काय बोलले न्हाईत, ते म्हणले, 'सांगितलं असतं तर तूबी भ्याली असतीस, पोरी. म्हणलं, घरात एकानं भ्यालं तरी पुरं.' साळूबाईनं पदर डोळ्याला लावला. म्या बाहेर जाऊन पिकपचं चाक बघत बसलो, हवा बरी हाय का म्हणून.

दुसऱ्या दिशी गेनूकडं गेलो. तात्यांनी तळहात पुढं केला, 'एचटी का एमबी, सांग!' गेनू बघतोय, बघतोय, आन् म्हणतो, 'एचटी म्हंजे हाय टेन्शन की तात्या! विजेचं मशीन असंल!' म्हंजे झालं, आता फळीत करंटची भीती! मागं खोके रचलेले होते, एकेक उलटा करून बघितला. काहींवर एचटी, काहींवर एमबी! 'आमच्या फळ्या कुठल्यातल्या?' 'ह्यातल्याच असतील, तात्या. न्हाईतर त्यातल्या.' बास! शेवटपर्यंत कळलं न्हाई, ते न्हाईच. तात्यांनी तिन्ही खोकी मोडली. साधना म्हणली जाळू नका, तर त्या फळ्या ताडपत्रीत बांधून माझ्या पिकपमधी ठेवल्यात. गेनू परत घेत न्हाई, तात्या घरात घेत न्हाईत. म्या घेऊन फिरतोय!

मग येल्ह्याच्या बाजारातनं बांबूच्या टोपल्या आणल्या. त्या टोपलीवालीला तात्यांनी असं इचारलं, जसं काय पोरगीच बघायला आलेत, 'रंग लावलाय का? पॉलिश? औषध? खरं सांगा!' ती बाई म्हणली, 'आजोबा, बांबू हाय. डोंगरातला.' घरी आणून गरम पाण्यानं धुतल्या, उन्हात वाळवल्या, पेंढा घातला. आन् कोंबड्या? आठ दिस टोपल्यांकडं ढुंकून बघितलं न्हाई! सगळ्या पुन्हा कडब्यात! तात्या रोज टोपलीपुढं उकिडवे बसायचे, आत खडूचं खोटं अंडं ठेवून. नवव्या दिशी ती तांबडी आली, दोन गिरक्या घेतल्या, आन् बसली. निवांत!

आन् भाद्रपदात प्रगती बाळंत झाली. पोरगी! चांगली तीन किलोची, आवाज असा की वरच्या डोंगरावर ऐकू जावा. राजनंदिनी नाव ठेवलं. आता त्या घरात समदे मोठ्यानं बोलत्यात, खोकत्यातबी. बाराव्या दिशी पावणेरावळे जमलेले, जेवणं झाली, आन् प्रगती सगळ्यांदेखत कौतुकानं म्हणली, 'मामांच्या हाताला काय कसब हाय! मामा, पाळणा मातर तुमीच करायचा. लाकूड तुमीच बघून आणा.'

तुमाला सांगतो, तात्यांचं तोंड पांढरंफटक! पानाचा इडा हातातच ऱ्हायला. सगळे हसतायत, टाळ्या वाजवतायत, आन् तात्या भिताडाला टेकून हळूच मला म्हणतायत, 'मानसिंग... पाळणाबिळणा नगं. झोळी बांधू. सुती लुगड्याची.' म्हणलं, 'बेस्ट, तात्या!' आन् मग पुन्हा माझ्या कानाशी आले...

'लुगड्याला रंग कसला असतो रं?'